पाय अडला की हलगी लावा : पार्किन्सन्स असलेल्या माणसाचा घरचा नाच

गोळी घेतल्यावर किती मिनिटांनी तुमच्या माणसाचे पाय मोकळे होतात, हे ठाऊक नसेल तर नाचाचं नंतर बघू. आधी चार दिवस वही घेऊन बसा. सकाळची गोळी किती वाजता घेतली, हात सैल कधी पडला, खुर्चीतून उठणं सोपं कधी झालं, परत अंग कधी ताठलं, एवढंच लिहायचं. लेव्होडोपाचा, म्हणजे या आजाराच्या मुख्य गोळीचा, असर साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवायला लागतो, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. आमच्या ह्यांचं ५० मिनिटांचं आहे. नऊची गोळी, दहाला नाच. साडेनऊला उभं केलं तर पोतं उचलल्यासारखं होतं, त्यांनाही आणि मलाही.

मी तीस वर्षं शाळेत पी.टी.ची बाई होते. कवायत, लेझीम, २६ जानेवारीचं संचलन, सगळं केलं. ह्यांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मी त्यांना दिवसभर "हळू, हळू" म्हणत होते. आता "मोठं, मोठं" म्हणते. या दोन शब्दांमधला फरक कळायला मला तीन वर्षं लागली, तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहितेय. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका हॉलमध्ये दर शनिवारी आम्ही दहा-बारा जण जमतो, त्याला चार वर्षं होऊन गेली. मी डॉक्टर नाही. जे सांगतेय ते फिजिओथेरपिस्टकडून शिकलेलं, वाचलेलं आणि त्या हॉलच्या फरशीवर तपासून घेतलेलं आहे.

हलगीनं पाय का उचलतो

आमच्या दाराला दीड इंचाचा उंबरा आहे. ह्यांचे पाय तिथं चिकटायचे. एका अनंत चतुर्दशीला हे असेच उंबऱ्याशी खिळलेले, मागं मी कंबरेला धरून उभी, आणि गल्लीत तालमीच्या गणपतीची हलगी-घुमकं आलं. पाय उचलला. उंबरा ओलांडला, बाहेरचा सोपा ओलांडला, पायरीपर्यंत अकरा पावलं गेले. हलगी पुढच्या बोळात वळली आणि हे तिथंच परत खिळले. माझ्या डोक्यात तेव्हा दिवा पेटला.

मेंदूच्या बुडाशी सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पेशींचा पुंजका असतो. डोपामिन तयार करणाऱ्या त्या पेशी या आजारात मरत जातात. चालणं ही गोष्ट आपण विचार न करता करतो. आतला एक ठेका आपोआप चालू असतो आणि पाय त्यावर पडतात. डोपामिन कमी झालं की तो आतला ठेका चुकतो. पण बाहेरून ऐकू आलेला ठेका किंवा डोळ्यांना दिसलेली रेघ मेंदूत बऱ्याच अंशी दुसऱ्या वाटेनं जाते. पंचगंगेचं पाणी चढलं की बावड्याहून शियेकडं जाणारा रस्ता बंद होतो. गाड्या लांबून फिरून जातात, पण जातात. तसंच हे.

आजाराचं पहिलं नीट वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये केलं. त्यांच्याच वाढदिवशी, ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. नाचाची गोष्ट मात्र अलीकडची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये पार्किन्सन्स असलेल्यांसाठी वर्ग सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. आपल्या जवळ पुण्यात नर्तक ऋषिकेश पवार यांनी असाच वर्ग चालवला. अमेरिकेत सेंट लुईस इथं हॅकनी आणि एरहार्ट या दोघींनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ आठवड्यांत एकेक तासाचे २० वर्ग घेतले, काहींना टँगो शिकवला, काहींना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट, सगळे जोडीनं करायचे परदेशी नाच. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल सुधारला, टँगोवाल्यांचा थोडा जास्त. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाचा २०२१ मधला अभ्यास सांगतो की आठवड्यातून एकदा नाचणाऱ्या १६ जणांची हालचालीची लक्षणं तीन वर्षांत न नाचणाऱ्यांइतकी वाढली नाहीत. सोळाच माणसं आहेत, हे विसरायचं नाही. नाचानं आजार बरा होत नाही, आणि गोळी तर एकही सुटत नाही. "आता नाचतोय ना, मग अर्धी गोळी कमी करू" असं कुणी म्हणालं की मी त्याला दोन आठवडे हॉलबाहेर बसवीन म्हणते.

टँगोत एवढं काय आहे? थांबणं, परत निघणं, मागं पाऊल टाकणं, वळणं, समोरच्याच्या अंगाचा अंदाज घेणं. म्हणजे या आजारात नेमकं जे जे जड जातं, ते सगळं. वाचल्यावर मला हसू आलं. हे सगळं लेझमीत आहे. वारकऱ्यांच्या पावलीत आहे. कोल्हापुरात साठी-सत्तरीतला क्वचितच कुणी असेल ज्यानं शाळेच्या मैदानावर लेझीम हातात धरली नाही. अंगात मुरलेलं सोडून सत्तराव्या वर्षी परदेशी पावलं शिकायला कुणाला लावायचं?

डॉक्टरांना काय विचारायचं

पहिलं, रक्तदाब. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर दाब घसरणं नेहमीचं आहे, गोळ्यांनीही घसरतो. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा, उभं राहून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला, किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा आणि तोवर सगळा नाच बसून करा. दुसरं, हाडं ठिसूळ आहेत का आणि गुडघ्या-खुब्यांचं काय. तिसरं, हृदय. डोक्यात डीबीएसची, म्हणजे मेंदूला विजेचे हलके झटके देणारी, तार बसवली असेल तर डॉक्टरांच्याच परवानगीनं.

आणि एक गोष्ट आपण होऊन सांगायची. आपल्याकडं खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण कुणीतरी दिलेलं असतंच. त्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. गोळीवर ते चूर्ण म्हणजे डबल डोस, मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं आणि घरचे म्हणतात आजार वाढला. लपवू नका.

खाण्याचंही बघा. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत शिरायला धडपडतात, त्यामुळं काहींची गोळी जड जेवणानंतर लागतच नाही. गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवायचा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, ही आमच्या गटातल्या एका काकांची जुनी सवय. गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास, पाण्याबरोबर, असं केल्यावर त्यांची सकाळ सुधारली. मटण सोडा असं मी कोल्हापुरात राहून सांगणार नाही. रस्सा संध्याकाळी, नाच सकाळी.

जागा आणि पायातलं

दहा बाय दहाची मोकळी जागा पुरते. सतरंजी, पायपुसणं, चार्जरची वायर, स्टूल, नातवाची सायकल, सगळं बाहेर. पावसाळ्यात फरशीला ओल येते, ती दिसत नाही, हात फिरवून बघा. प्रत्येकाला एक खुर्ची, हात असलेली, जड, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची हलकी खुर्ची धरून उभं राहिलं तर माणसाआधी खुर्ची कलंडते. चाकांची तर नकोच.

चपलांवरून आमच्याकडं भांडण झालं होतं. जन्मभर कोल्हापुरी घातलेला माणूस, त्याला बूट घाल म्हणायचं म्हणजे टोपी काढून ठेव म्हणण्यासारखं. पण कोल्हापुरीला टाचेमागं पट्टा नाही, कातडी तळ गुळगुळीत, आणि पाय घासत चालणाऱ्याची ती निसटतेच. टाच बंद असलेला, पातळ तळाचा, मापाचा बूट घ्या. तळ फार चिकट रबराचाही नको, घासणारा पाय त्यावर अडखळतो. मोजे घालून नाच बिलकूल नको. कोल्हापुरी लग्नाकार्यात, बसून मिरवायला.

ठेका मोजून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. लोक आवडीचं गाणं लावतात आणि नाचा म्हणतात. आधी माणूस मोजा. गोळी लागलेली असताना त्याला नेहमीसारखं चालू द्या आणि एका मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा. समजा ९६ पडली. तर गाण्याचा ठेका मिनिटाला ९६ पासून १०५ पर्यंत चालेल. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक ठेक्यानं टकटक वाजणारं, फुकट ॲप मिळतं, त्यात आकडा टाकायचा आणि गाणं त्याच्याशी जुळवून बघायचं. ज्यांचे पाय वरचेवर खिळतात त्यांना वाढवायचं नाही, त्यांच्या चालीइतकाच किंवा किंचित संथ ठेका द्या.

हलगीनं पाय उचलतो असं मी वर लिहिलं, पण हलगीवाला रंगात आला की लय चढवतो. भजनी मंडळही शेवटाला चढवतंच. चढत्या लयीत पार्किन्सन्सवाल्याची पावलं तोकडी होत जातात, अंग पुढं झुकतं आणि तो धावतोय की पडतोय कळत नाही. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत लय न बदलणारंच वाजवायचं. मी ओळखीच्या एका हलगीवाल्या पोराकडून मोबाईलवर तीन तुकडे भरून घेतले : ९०, १०० आणि ११०, प्रत्येकी सहा मिनिटं, चढवायचं नाही. तो म्हणाला, "बाई, ह्यात काय मजा न्हाई." मी म्हटलं, "बाळा, मजा आम्ही आणतो. तू फक्त घड्याळ हो."

ढोलकीवरच्या जुन्या लावण्या, भजनी ठेका, धनगरी ढोल, बँडचं संचलनाचं संगीत, सगळं चालतं. मारा स्पष्ट हवा. नुसती सुरेल, ठेका लपलेली भावगीतं शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा.

पाऊण तास असा जातो

पहिली १५ मिनिटं खुर्चीत. पाय जमिनीवर सपाट, बूड मागं, पाठ ताठ. सुरुवात शड्डूनं. हो, कुस्तीतला शड्डू. उजवा हात पूर्ण वर, मग मांडीवर थाप. डावा हात वर, थाप. चार ठोक्यांना एक. आमच्याकडं एक पैलवान आजोबा आले होते, मुलीनं ओढून आणलेले. दारातच म्हणाले, "नाचायचं? आम्ही? बायकांत?" मी म्हटलं, "नाचू नका, शड्डू ठोका." ठोकला. खांद्यातनं हात वर्षभर कानापर्यंत गेला नव्हता म्हणे, त्या दिवशी गेला. पुरुषमाणसांसाठी नाच हा शब्द वापरूच नका. लेझीम म्हणा, तालीम म्हणा.

शड्डूत खरी गंमत आकाराची आहे. या आजारात माणसाला वाटतं आपण हात पूर्ण उचलला, आणि तो खांद्यापर्यंतच आलेला असतो. अक्षर बारीक होतं, आवाज बारीक होतो, पाऊल बारीक होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून सारखं "मोठं" म्हणायचं. त्याला वाटलं पाहिजे की आपण जरा अतीच करतोय. ते अती बाहेरून बरोब्बर दिसतं.

मग झिम्मा. दोघं समोरासमोर बसा, गुडघ्यांत वीतभर अंतर. स्वतःची टाळी, समोरच्याची उजवी, स्वतःची, समोरच्याची डावी. हात अंगाची मधली रेघ ओलांडून तिरपा जातो, कंबर फिरते, आणि नजर समोरच्यावर राहते. ताठलेल्या धडाला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. फुगडी मात्र नाही. एकालाही नाही, जोर असलेल्यालाही नाही.

आवाज आणि चेहरा दोन मिनिटं. छाती भरून श्वास, आणि "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं". पुटपुटायचं नाही, डोंगरावरून खालच्या गाडीतळापर्यंत जायला हवं. तीन वेळा. मग भुवया वर, गाल फुगवणं, दात दाखवून हसणं. हे करताना सगळ्यांनाच खरं हसू येतं, ते बरंच आहे.

उठणं हीसुद्धा नाचातलीच एक पायरी आहे, पटकन उरकायची नाही. बूड खुर्चीच्या कडेला, पाय मागं ओढून गुडघ्यांच्या खाली, नाक पायाच्या बोटांच्या पुढं, हात खुर्चीच्या हातांवर. "एक, दो, तीन" आणि तीनला उठायचं. पी.टी.ची मोजणी हिंदीतच, तीस वर्षांची सवय. उभं राहिल्यावर १० आकडे तिथंच. भोवळ आली तर खाली.

पुढची १० मिनिटं जागेवर, खुर्ची पुढ्यात फिरवून तिची पाठ धरून. पाय खांद्याएवढे फाकून वजन डावीकडं, उजवीकडं. ज्यांनी चैत्रात ज्योतिबाची सासनकाठी खांद्यावर घेतली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. काठी डोलते तेव्हा पाय रोवलेले असतात आणि वजन या पायावरून त्या पायावर जातं. पाऊल उचलायचं तर आधी वजन दुसऱ्या पायावर गेलं पाहिजे, आणि खिळलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नसतं. म्हणून डोलण्याला पाच मिनिटं द्या. मग ठेक्यावर टाचा उचलणं, एकेक गुडघा वर, बाजूला एक पाऊल आणि परत.

आता पावलं. फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, त्याच्या आरामाच्या पावलाएवढ्या अंतरावर, साधारण ४० ते ५० सेंटीमीटर. रेघ ओलांडून टाच आधी टेकवायची. चार पावलं पुढं, चार ठोके थांबून डोलणं, परत चार. खडूही चालतो. रांगोळीनं रेघा मारू नका, ती पायाखाली सरकते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मागं पाऊल एकच, तेही पाठीशी माणूस असताना. या आजारात मागं तोल गेला की सावरता येत नाही.

लेझीम

तालमीतली जड लोखंडी लेझीम नको, शाळेतली हलकी घ्या. "चार आवाज" मी आमच्या गटापुरता असा बसवलाय : एकला छातीसमोर मिटायची, दोला पूर्ण उघडायची, तीनला उजवीकडं नेऊन मिटायची, चारला डावीकडं. पहिले दोन आठवडे बसून, मग उभ्यानं जागेवर, आणि हात पक्के झाल्यावरच चालत. हात आणि पाय एकदम सुरू केले की दोन्ही बिघडतात. मेंदूला एका वेळी एकच नवी गोष्ट द्यायची. "आदी लगाव"सारखे खाली वाकण्याचे हात आणि उडीचं "आगे फलांग" कायमचे बाद. वाकलेल्या पाठीला आणखी वाकवायचं नाही, आणि वाकून उठताना दाब घसरतो तो वेगळाच.

लेझमीचा आवाज हा त्या माणसानं स्वतः केलेला ठेका असतो. बाहेरचा ठेका तो आपल्या हातानं आत घेतो म्हणा ना. कंपाची काळजी करू नका. पार्किन्सन्सचा कंप बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना जास्त असतो, हात कामाला लागला की कमी होतो. आमच्या गटातल्या एका काकूंची लेझीम विश्रांतीतही छनछनत असते. त्या म्हणतात, "माझी आपोआपच वाजतीया, तुम्हीच वाजवायला शिका."

वळण

बहुतेक माणसं पडतात ती वळताना. तिसऱ्याच शनिवारी हे पडले, आणि चूक सर्वस्वी माझी. गाणं संपत आलं होतं, मी शाळेतल्यासारखं "पीछे मूड" म्हटलं. तीस वर्षांची जीभ. हे जागच्या जागी गर्रकन वळले, धड फिरलं, पाय खिळलेलेच राहिले. कोपर सुजलं, निभावलं. तेव्हापासून नियम : केएमटीची, आमच्या गावातली, बस वळते तसं वळायचं. अर्धगोल, मोठा, आठ तरी पावलांचा, नजर आधी, मग खांदे, मग पाय. हॉलमध्ये कोपऱ्यांना चार डबे ठेवते आणि त्यांच्याभोवतून फिरवते. घरी संडासाच्या दारात, पलंगापाशी, फ्रीजसमोर हाच अर्धगोल चालतो का ते बघा. जागा नसेल तर फ्रीज सरकवा.

शेवटची पावली गोलात. एक पाऊल उजवीकडं, दुसरं जोडायचं, थोडं डोलायचं, टाळी. टाळ असतील तर उत्तम. पक्क्या माणसांच्या मध्ये डळमळीत माणूस, असा गोल लावायचा. हातात हात नको, तळहातावर तळहात. घट्ट धरलं तर एक पडताना दुसऱ्याला घेऊन पडतो. मग बसून संथ गाणं, खांदे सैल, पाणी.

मधेच खिळले तर

ओढू नका. धक्का देऊ नका. "चला ना, चला" तर अजिबात म्हणू नका, घाई झाली की पाय आणखी रुततात. थांबायचं. एक लांब श्वास. वजन डावीकडं, उजवीकडं, सासनकाठीसारखं. मग एक मोठं पाऊल. तरीही नाही सुटलं तर तुमचा पाय त्याच्या पायापुढं आडवा ठेवा आणि "हा ओलांडा" म्हणा. बघणाऱ्याला ही जादू वाटते. ह्यांच्यासाठी मी आता उंबऱ्यावर पिवळी पट्टी मारली आहे आणि "एक, दो" म्हणते. हलगीची गरज रोज पडत नाही.

सोबतीच्या माणसानं अंगाच्या जास्त अशक्त बाजूला, अर्धं पाऊल मागं राहायचं. काखेत हात घालायचा नाही, खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा. मोबाईल खिशात नको, वाजला की दोघांचंही लक्ष जातं.

गट जमवायचा असेल तर

घरी रोज २० मिनिटं आणि गटात आठवड्यातून एकदा, जमलं तर दोनदा. गटात डळमळीत असलेल्या प्रत्येकामागं एक सोबती असल्याशिवाय उभ्याचा भाग सुरू करायचा नाही. माणसं कमी पडली तर त्या दिवशी सगळं बसून. तळमजल्यावरचा हॉल, कमोडचा संडास जवळ, दारापर्यंत रिक्षा येईल असा रस्ता. एवढं मिळालं की भाड्यात घासाघीस करा. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला बोलवून सगळ्यांची पावलं दाखवा. आणि घरातल्या काळजीवाहू माणसालाही नाचू द्या, त्याला कोपऱ्यात पर्सा सांभाळत बसवू नका. बऱ्याच जोडप्यांना एकमेकांचा हात गोळी देण्यापलीकडं कित्येक महिन्यांत लागलेला नसतो.

चालण्यात फरक पडतोय का हे अंदाजानं सांगू नका. महिन्याच्या पहिल्या तारखेला, गोळीनंतर तेवढ्याच मिनिटांनी, खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. सोबत त्या महिन्यात किती वेळा पडले, किती वेळा पडता पडता वाचले, ते लिहायचं. ह्यांचे आकडे कधी दोन सेकंदांनी चांगले येतात, कधी वाईट. पडण्याचा रकाना मात्र गेल्या वर्षभरात बऱ्याचदा रिकामा आहे. अचानक आकडा खूप बिघडला तर नाच वाढवायचा नाही, डॉक्टरांकडं जायचं. लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठही माणसाला आठवड्यात खुर्चीत बसवतं.

काही दिवस गोळी लागतच नाही. तेव्हा उभं करण्याचा हट्ट धरू नका. हे खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरतात, मी ९० ची हलगी लावून समोर लेझीम घेऊन बसते. दहा मिनिटं. बोटं चुकली तरी मी मोजणी थांबवत नाही, चार आकड्यांनी ती परत येऊन मिळतात. मग चहा, बिनदुधाचा, पुढच्या गोळीला अजून पाऊण तास असतो.